परदेशातला दाखला आणि आपलं जनरल रजिस्टर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



काल रात्री जेवताना संयोजकांनी मला बजावलं, "तू तुझ्या नोकरीबद्दल बोल, पण नियम-बियम सांगत बसू नकोस." एकतीस वर्षं विद्यापीठाच्या पात्रता विभागात काढलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे कोकम न घालता सोलकढी कर म्हणण्यासारखं आहे. थोडे नियम येणार. सहन करा. शाळेत तुम्ही याहून वाईट तास सहन केले आहेत. (सर, तुमचा नव्हे.)

पात्रता विभाग म्हणजे काय, ते आधी सांगते. बाहेरून शिकून आलेला मुलगा प्रवेश मागतो तेव्हा त्याच्या हातातला कागद खरा आहे का आणि आपल्याकडच्या कुठल्या परीक्षेच्या बरोबरीचा धरायचा, हे ठरवणारं टेबल. मी होते पुण्यात, आणि पुण्यात परदेशी मुलं पुष्कळ. इराण, येमेन, सुदान, इराक, केनिया असा रोजचा प्रवास माझा खुर्चीतून व्हायचा. भूगोलाच्या पेपरात मला छत्तीस होते, हे बाईंना आठवत असेल. त्याची भरपाई नोकरीनं करून घेतली.

पहिल्या वर्षी सगळ्यात गोंधळ उडाला तो गुणांचा. इराणची गुणपत्रिका वीसपैकी. रशियाची पाचपैकी, तिथे पाच म्हणजे उत्तम आणि दोन म्हणजे नापास. जर्मनीची तर उलटीच गंगा. एक म्हणजे सर्वांत हुशार आणि पाच म्हणजे नापास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला जर्मन विद्यापीठं एक सूत्र वापरतात. त्यात आपल्याकडची पासाची रेघ 40 ला धरली, तर 60 टक्क्यांचे होतात 3.0. आणि तीनला तिकडचा शब्द आहे 'समाधानकारक'. आपल्या काळी 60 टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गल्लीत पेढे आणि वर्तमानपत्रात फोटो. इंग्लंडात फर्स्ट क्लास 70 ला. एवढ्यावरून कुणी म्हणेल, की मग 60 वाला मुलगा कच्चाच. तसं नाही. आपली विद्यापीठं गुण देताना हात आखडता घेत आली आहेत, हे समोर बसलेल्या पेपर तपासनीसांना मी काय सांगू? म्हणून नुसत्या आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, हे टेबलावर बसल्यावर पहिल्या वर्षीच कळलं.

मग वर्षांचा हिशेब. आपलं दहा अधिक दोन अधिक तीन, म्हणजे पंधरा. अमेरिकेत बारा अधिक चार, म्हणजे सोळा. या एका वर्षापायी आपल्या किती बी.कॉम., बी.एस्सी. मुलांना तिकडे एम.एस.च्या दारात थांबवलं गेलं, त्याची गणती नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली, त्यामागच्या कारणांत हेही एक आहे. आपल्या सरांची पिढी तर अकरावी मॅट्रिकची. सर, तुम्ही आज कॅनडाला अर्ज केलात तर तिथल्या मूल्यमापन संस्थेला आधी जुनी अकरावी समजावून सांगावी लागेल.

इथपर्यंत गंमत आहे. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिकडे येते.

काल बहादूरशेख नाक्यावर गाडी थांबली तेव्हा समोर बॅनर होता. 'परदेशात एम.बी.बी.एस., डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त विद्यापीठ, डोनेशन नाही.' आपल्यापैकी तिघांनी काल मला कोपऱ्यात घेऊन नातवंडा-पुतण्यांसाठी हेच विचारलं. म्हणून सगळ्यांसमोर सांगते. जागतिक आरोग्य संघटना कुठल्याही वैद्यकीय कॉलेजला मान्यता देत नाही. ते तिचं कामच नाही. जगातल्या वैद्यकीय शाळांची एक सूची असते, तिच्यात नाव असणं म्हणजे ती शाळा अस्तित्वात आहे, इतकंच. आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगही परदेशी कॉलेजांची मंजूर यादी काढत नाही. मग 'मान्यताप्राप्त' म्हणजे कुणाची मान्यता, हा प्रश्न एजंटाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

एकाच 'मान्यता' शब्दात लोक चार वेगळे प्रश्न कोंबतात. कागद अस्सल आहे का? तो देणाऱ्या संस्थेला तिच्या देशात पदवी द्यायचा अधिकार आहे का? त्या शिक्षणाची पातळी आपल्याकडच्या कुठल्या पातळीशी जुळते? आणि चौथा, ज्यावर सगळं अडतं: या कागदावर तो माणूस इथे धंदा करू शकतो का, म्हणजे रोग्याला औषध लिहून देऊ शकतो का, कोर्टात उभा राहू शकतो का? पहिल्या तिघांची उत्तरं 'हो' आली तरी चौथ्याचं 'नाही' येऊ शकतं. भारत आणि इंग्लंड यांनी जुलै 2022 मध्ये एकमेकांच्या पदव्या मान्य करायचा करार केला, तेव्हा पेढे वाटायला निघालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मीच थांबवलं. त्यांचा मुलगा डॉक्टर. त्या करारातून वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वकिली, वास्तुकला, इंजिनीअरिंग वगळलं आहे. पुढच्या शिक्षणासाठी पदवी चालते, व्यवसायाचा परवाना वेगळा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल 2025 मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम काढले, त्यातही हीच रेघ ओढलेली आहे. डॉक्टर, वकील, नर्स यांचा निकाल त्या त्या परिषदेकडेच.

वैद्यकाचं तेवढं नीट सांगते, कारण पैसा तिथेच बुडतो. नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमातून हवा, तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि ती पदवी घेऊन त्या देशात डॉक्टरी करायचा परवाना मिळत असला पाहिजे. मग इथे येऊन परीक्षा, आणि पास झाल्यावर पुन्हा बारा महिने इंटर्नशिप. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. जायच्या आधी नीट पास हवीच. आता बघा, फिलिपिन्समध्ये आधी एक पदवी आणि मग चार वर्षांचा एम.डी. अशी पद्धत. चार वर्षं म्हणजे 48 महिने. 54 मधून 48 वजा करायला आपल्या गणिताच्या सरांची गरज नाही. पण कर्ज काढून मुलीला विमानात बसवणाऱ्या बापाला ही वजाबाकी कुणी करून दाखवत नाही.

इथली परीक्षा तीनशे प्रश्नांची, पासाला दीडशे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, कितीही वेळा बसता येतं. तरीही बहुतेक सत्रांत चारांतला एकसुद्धा पास होत नाही. यावर दोन बाजूंनी भांडण चालतं. पालक म्हणतात परीक्षा मुद्दाम अवघड काढतात, डॉक्टरांच्या संघटना म्हणतात मुलं कच्ची. माझं मत विचाराल तर परीक्षा हवीच. उद्या पोफळीच्या किंवा सावर्ड्याच्या दवाखान्यात माझ्याच नाडीवर हात ठेवणारा तो असणार आहे. चीड येते ती मुलांची नाही. सहा वर्षांनी येणारा हा खड्डा पहिल्या दिवशी ज्यांना ठाऊक असतो आणि जे तो दाखवत नाहीत, त्यांची येते.

हे आपल्यावरच होतं असं मात्र समजू नका. 1930 मध्ये इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं आपल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली होती. तक्रार होती प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाची. त्या अपमानातून 1933 चा कायदा झाला आणि आपली मेडिकल कौन्सिल उभी राहिली. तिचा एक उद्देश असा, की बरोबरीनं बोलायला आपल्याकडेही कुणीतरी हवं. पुढे मान्यता परत मिळाली, आणि 1975 मध्ये पुन्हा गेली. तेव्हापासून आपला एम.बी.बी.एस. तिकडे परीक्षा देतो. आपली मुलं इथे येऊन देतात तशीच. त्याच्याही मागे जा. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन निघाल्या, तेव्हा कोल्हापूर दरबारानं त्यांना नेमताना कुठलं समकक्षता प्रमाणपत्र मागितलं नसणार. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच आला 1912 मध्ये. बिचारीला नेमणूक मिळाली, पण ती रुजू होण्याइतकं आयुष्य मिळालं नाही.

आपल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट तर आपण मराठीच्या तासाला ऐकली आहे. 1875 मध्ये ते परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले. वयाची अट सतरा, वय पुरं होतं, पण दिसायला लहान म्हणून समितीनं परत पाठवलं. मला नोकरीत ही गोष्ट वारंवार आठवायची. टेबलापलीकडे चार दिवस चालून आलेला मुलगा आणि अलीकडे त्याच्या चेहऱ्याकडे बघून निकाल देणारा माणूस. याच कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, आणि त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला 1951 उजाडलं. पस्तीस वर्षं तिथल्या मुली 'गृहीतागमा' ही पदवी घेऊन बाहेर पडत होत्या आणि सरकारदरबारी ती पदवी धरत नव्हते. शिकलेल्या होत्याच की त्या.

आता आपले कागद बाहेर जातात तेव्हाचं. गोवळकोट, कालुस्ते, मिरजोळी, तिकडे खेड-दापोली, कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. इथे बसलेल्यांतलेही तिघे-चौघे. त्यांना 2018 चं कुवेत आठवत असेल. इंजिनीअरच्या राहण्याच्या परवान्यासाठी तिथल्या इंजिनीअर संघटनेचा ना-हरकत दाखला लागायला लागला, आणि ती संघटना बघणार आपल्या एनबीएची, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांना दर्जा देणाऱ्या मंडळाची यादी. एनबीए स्थापन झालं 1994 मध्ये. ज्याची पदवी 1990 ची, त्याच्या कॉलेजचं नाव त्या यादीत त्या सालासाठी येणार कुठून? वीस-पंचवीस वर्षं तिथे पूल आणि रिफायनऱ्या बांधलेली माणसं एका सकाळी कागदावर इंजिनीअर उरली नाहीत. काहींनी व्हिशावर हुद्दा बदलून घेतला आणि काम तेच चालू ठेवलं.

आणि आपल्या घरचे गोंधळ वेगळेच. पहिला नावाचा. माझी पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नवऱ्याचं, तिसऱ्यावर मधलं नावच नाही. परदेशी कारकुनाला या तीन वेगळ्या बायका दिसतात. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला ही सगळी यात्रा मी इतरांना करायला लावली आणि मुलाकडे जायची वेळ आली तेव्हा स्वतःही केली. दुसरा गोंधळ लॅमिनेशनचा. आपल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून आपण हौसेनं गुणपत्रिका लॅमिनेट करून घेतो. परराष्ट्र खात्याचा शिक्का किंवा अपोस्टिलचा स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर लागतो. प्लॅस्टिकवर तो चालत नाही. मग नवी प्रत काढा. घरी जाल तेव्हा निदान नातवंडांच्या गुणपत्रिका त्या दुकानात नेऊ नका.

आता एक गोष्ट सांगते जी मी विभागात कुणाला सांगितली नव्हती.

नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एक मुलगा आला. देश सांगत नाही, तिथे तेव्हा लढाई चालू होती. त्याच्याकडे गुणपत्रिकेची झेरॉक्स होती, मूळ प्रत नव्हती. नियमाप्रमाणे मी त्याच्या विद्यापीठाला पडताळणीचं पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. उत्तर नाही. तो दर आठवड्याला येऊन उभा राहायचा. शेवटी म्हणाला, "मॅडम, ती इमारतच आता नाही, पत्र कोण उघडेल?" मी फाइलवर लिहिलं, 'पडताळणीअभावी अपात्र.' नियम तोच होता, सही माझी होती. त्याचं वर्ष गेलं, आणि पुढे तो आला नाही.

मी चूक केली असं तेव्हा मला वाटलं नाही. वाटलं ते 22 जुलै 2021 ला.

त्या दिवसाचं तुम्हाला मी काय सांगणार? बाजारपेठेतलं माझ्या भावाचं घर तुम्हाला माहीत आहे. खालच्या मजल्यावरचं कपाट पाणी उतरल्यावर उघडलं, तर पुतणीच्या फाइलचा लगदा झाला होता. तिचं बी.एस्सी. नर्सिंग झालेलं, जर्मनीला जायची तयारी चाललेली, बी-टू पातळीचं जर्मन शिकत होती. नर्सची मान्यता तिकडे राज्याच्या कार्यालयाकडून घ्यावी लागते. तुमच्या अभ्यासक्रमातला तास न् तास ते आपल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, कमी पडेल तेवढं लेखी कळवतात, आणि मग एक तर परीक्षा द्या किंवा तिथल्या रुग्णालयात राहून उरलेलं शिका. वाईट पद्धत नाही. 'नाही' म्हणायच्या ऐवजी 'इतकं राहिलंय' असं सांगणारी कार्यालयं मला आवडतात. पण ताडून बघायला कागद तर हवा! फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिकडे जायचं म्हणणारी मुलं वाढली आहेत. त्यांनाही हेच सगळं लागणार.

पुतणीला दुय्यम प्रती मिळवायला आठ महिने लागले. पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पंचनाम्याची प्रत, अर्ज, पुन्हा अर्ज. एका कार्यालयात तिला विचारलं, "पूर आला होता याला पुरावा काय?" ते कार्यालय कुठलं ते सांगत नाही. विचारणाऱ्याचाही मला फार राग आला नाही. मी त्या खुर्चीत बसले होते. फक्त रात्री झोपताना तो झेरॉक्सवाला मुलगा समोर आला.

कागद नसलेल्यांचं काय करायचं, याचा विचार युरोपात मात्र झाला आहे. 1997 च्या लिस्बन करारात निर्वासितांसाठी वेगळं कलम आहे, की कागद नसले तरी त्याची पात्रता तपासायचा रस्ता काढा. नॉर्वेनं तो काढून दाखवला. माणसाला समोर बसवतात, त्याच्या विषयाचा जाणकार आणि दाखल्यांचा जाणकार असे दोघं त्याची मुलाखत घेतात. काय शिकलास, कोण शिकवायचं, प्रयोगशाळेत काय होतं, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कोणता. खोटं बोलणारा फार वेळ टिकत नाही. पुढे त्याच धर्तीवर युरोपात निर्वासितांसाठी एक पात्रतेचा पासपोर्टच निघाला. माझ्या टेबलावरही दुसरी खुर्ची होती. त्या मुलाला बसवून एक तास विचारायला मला कुणी मनाई केली नव्हती. नियमात नव्हतं, एवढंच.

पुतणीचं काम शेवटी सुटलं कशावरून, सांगू? दुय्यम प्रतीवर नावाचं स्पेलिंग चुकून आलं आणि जन्मतारीख जुळेना. सगळ्यांच्या मुळाशी लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला, आणि तोही गेलेला. मी भावाला म्हटलं, शाळेत जा. ऑफिसातल्या भाऊंनी वरच्या मजल्यावरच्या कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पाणी तिथवर चढलं नव्हतं. पान उघडलं, निळ्या शाईतली ओळ, नाव, जन्मतारीख, आईचं नाव, दाखल झाल्याची तारीख. त्या ओळीवरून दाखला निघाला, दाखल्यावरून बोर्डाची प्रत, तिच्यावरून विद्यापीठाची, आणि ती गेली जर्मनीला. आज ती तिथे वॉर्डात उभी आहे. रजिस्टरातली ती ओळ ज्या बाईंनी लिहिली होती, त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमचं अक्षर तिकडे कुणी वाचलं नाही, पण चाललं.

काल मी भाऊंबरोबर वर जाऊन बघून आले. आपल्या तुकडीचं रजिस्टर आहे. कडा तांबूस झाल्या आहेत, शिवण सुटली आहे. त्याच्या आधीच्या दोन रजिस्टरांना वाळवी लागली आहे. हल्लीच्या मुलांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असतात, आपल्या आणि आपल्या आधीच्यांच्या कुठेच नाहीत. फक्त त्या कपाटात आहेत, आणि ते कपाट नदीपासून किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

तेव्हा निधीबद्दल संध्याकाळी चर्चा आहे, त्यात माझं एक म्हणणं आधीच मांडून ठेवते. रंगमंचाला नवा पडदा पुढच्या वर्षी घेऊ. यंदा ती रजिस्टरं स्कॅन करून घेऊ, शिवून घेऊ, आणि एक प्रत चिपळूणच्या बाहेर ठेवू. मुख्याध्यापकांशी बोलले आहे, त्यांची हरकत नाही, पण पानं उलटताना शाळेचं माणूस शेजारी हवं, ही त्यांची अट रास्त आहे. ऑफिस शनिवारी दीडपर्यंत उघडं असतं. मी सोमवारपर्यंत भावाकडेच आहे. ज्यांना जुनी अक्षरं वाचता येतात त्यांनी चष्मा घेऊन या.